पातेल्यातल्या ऊती

माझा भाचा पलंगावर उताणा पडून म्हणत होता, "अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता." सूर अगदी दोनाच्या पाढ्याचा. सोमवारी टेस्ट होती. मी विचारलं, "कास्थी कुठं असते रे?"

"संयोजी ऊतीत."

"ते पुस्तकात. तुझ्या अंगात कुठं?"

तो पानं चाळायला लागला, तसा मी त्याचा कान धरला. "आत्ती, मी काय केलं?" म्हणून ओरडला. काही केलं नव्हतं बिचाऱ्यानं. कानाच्या मऊ पाळीच्या वरचा जो भाग मी पिरगाळला होता, तीच कास्थी.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोच्या टेबलावर बावीस वर्षं काम करते. ऑपरेशनमधून बरणीत आलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे काप काढायचे, रंगवायचे आणि काच डॉक्टरांपुढे ठेवायची. निदान त्यांचं, काच माझी. पण इतकी वर्षं काचा रंगवल्या की कुठली ऊती कुठली हे बघताक्षणी कळायला लागतं, जशी भाजीवालीला मेथी आणि शेपू न बघताही हाताला कळते. हे घोकून येत नाही. म्हणून त्या शनिवार-रविवारी मी भाच्याकडून पुस्तक काढून घेतलं आणि त्याला जे करायला लावलं ते इथं क्रमानं लिहिते. नववीतल्या पोरांना उपयोगी पडेल, डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाच्या मुलांना पडेल, आणि रिपोर्ट हातात धरून 'यात लिहिलंय तरी काय' म्हणणाऱ्या मोठ्यांनाही.

शब्दाचं आधी उरकते. लॅबमध्ये आम्ही 'टिश्यू' म्हणतो, नाहीतर नुसतं 'पीस'. पुस्तकात 'ऊती', कुठं 'ऊतक'. मुळात ही विणकामाची भाषा आहे. 'ओतप्रोत'मधला 'ओत' याच घरातला, आणि 'टिश्यू' ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचाही अर्थ विणलेलं कापडच. इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात वाढलेल्या पोराला हे फार समजवावं लागत नाही. पेशी म्हणजे सूत, ऊती म्हणजे कापड आणि अवयव म्हणजे शिवलेला सदरा. सदऱ्याला अंगाचं कापड वेगळं, अस्तर वेगळं, कॉलरमधलं कडक कापड वेगळं. तसंच एका जठरात चारही ऊती सापडतात: आतून अस्तर, त्याखाली ते धरून ठेवणारी जाळी, बाहेरून पिळून काढणारे स्नायू, आणि त्यांना हुकूम देणाऱ्या चेता.

आता पद्धत. कुठलीही ऊती समोर आली की तीन प्रश्न विचारायचे. पेशी एकमेकींना खेटून आहेत की अंतर राखून? अंतर असेल तर मधल्या जागेत काय भरलंय: पाणी, दोरे, रबर की चुना? आणि या कापडाला काम काय: झाकायचं, धरून ठेवायचं, ओढायचं की निरोप न्यायचा? झाकते ती अभिस्तर, धरून ठेवते ती संयोजी, ओढते ती स्नायू, निरोप नेते ती चेता. पोटनावं बहुतेक या उत्तरांतूनच निघतात.

शनिवार, आरशासमोर

याला काही सामान लागत नाही.

जीभ गालाच्या आतून फिरवा. हे गुळगुळीत ओलं अस्तर म्हणजे स्तरित पट्टकी अभिस्तर, चपट्या पेशींचे थरावर थर. आता तळहात बघा. तोही स्तरित पट्टकीच, फक्त वरचे थर मेलेले, वाळलेले, केराटिननं, म्हणजे नखा-केसांत असतं त्या कडक प्रथिनानं भरलेले. शाळेत असताना तळव्याच्या वरच्या कातडीतून शिवणाची सुई आरपार घालून मैत्रिणींना घाबरवायचा उद्योग आम्ही केलेला आहे. तुम्ही करू नका, पण रक्त का येत नाही आणि दुखत का नाही ते सांगा. सुई मेलेल्या थरातूनच गेली. शिवाय अख्ख्या अभिस्तर ऊतीत रक्तवाहिनीच नसते. तिचं जेवण खालच्या संयोजी ऊतीतून झिरपत वर येतं. खरचटल्यावर रक्त आलं याचा अर्थ जखम अभिस्तर ओलांडून खाली पोचली.

कान दुमडा आणि सोडा. लगेच जागेवर येतो, कारण या कास्थीत लवचीक तंतू असतात. नाकाचा शेंडा दाबून बघा, तिथंही कास्थीच, पण वेगळी, काचेसारखी. मग गळ्याच्या पुढच्या बाजूनं बोट हलकेच खाली न्या. आडवे कंगोरे लागतील. श्वासनलिकेत अशा सोळा ते वीस कड्या असतात आणि त्या पूर्ण गोल नसतात, मागून उघड्या असतात. मागं अन्ननलिका आहे, घास उतरताना तिला फुगायला जागा नको का?

टाचेच्या वरची जाड दोरी चिमटीत धरा आणि चवड्यांवर उभे राहा. दोरी ताठ होते. पोटरीचा स्नायू ओढतो आणि ही दोरी ती ओढ हाडापर्यंत नेते. ही स्नायुरज्जू. स्नायूला हाडाशी बांधते ती स्नायुरज्जू, हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. यात घोळ घालून दरवर्षी निम्मा वर्ग एक मार्क घालवतो. पाय मुरगळतो तेव्हा सहसा दुखावतो तो अस्थिबंध.

दंड वळवा, हा ऐच्छिक स्नायू. आता अंगावर काटा आणून दाखवा. नाही जमत. केसाच्या मुळाशी जो बारीकसा स्नायू ओढ घेतो तो अनैच्छिक आहे, त्याला थंडी वाजावी लागते नाहीतर भुताची गोष्ट ऐकावी लागते. तिसरा स्नायू हृदयाचा, तो मनगटावर बोट ठेवून मोजा: मिनिटाला ७० धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर ठोके. आणि कोपर दाराच्या कडेला आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या असतील तर चेता ऊतीची ओळखही झालेलीच आहे. ते हाड नव्हतं, हाडाला घासून जाणारी नस होती.

रविवार, मटणाच्या दुकानात

जे खात नाहीत त्यांनी इथून सरळ काचांच्या भागावर जावं, काही अडणार नाही. पण कोल्हापूरच्या घरात रविवारी सकाळी आठ वाजता ऊतींचं इतकं चांगलं दुकान उघडं असताना ते वापरायचं नाही म्हणजे काय? बकरं सस्तन आहे, आपणही. वीण एकच. फरक आहे तो मी येईल तिथं सांगते.

मागायचं असं: अर्धा किलो मटण, त्यात एक नळी आणि एक मानेचा तुकडा हवाच, शिवाय एक दिल आणि मूठभर वजडी. खाटिकानं माझ्याकडे बघितलं, भाच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पाहुणे हायत काय?" घरी आल्यावर स्टीलची परात, धारदार सुरी आणि काम झाल्यावर साबणानं हात. कच्च्या मटणाची सुरी कोशिंबिरीला लावायची नाही, हेही याच धड्यात.

आधी लाल तुकडा घ्या. त्यावर एक पांढरा, चकचकीत, ओढला की निघणारा पापुद्रा असतो. तो संयोजी ऊतीचा. आत प्रत्येक स्नायुतंतूच्या जुडीभोवती असाच पापुद्रा आहे, फक्त पातळ. म्हणजे मटणाचा तुकडा नुसता स्नायू नसतोच, तो पुड्यांत बांधलेला स्नायू असतो.

कडेची चरबी बोटांत चुरा. मेणचट. ही चरबीयुक्त ऊती. प्रत्येक पेशीच्या पोटात तेलाचा एकच मोठा थेंब आणि केंद्रक कडेला ढकललेलं. ऊर्जा साठवणं, ऊब राखणं, गुर्द्यासारख्या नाजूक अवयवाला गादी देणं ही तिची कामं.

नळीचं टोक बघा. सांध्याकडचा भाग निळसर पांढरा, गुळगुळीत, बोट घसरेल असा. ही काचेसारखी कास्थी. नखानं थोडी खरवडली तरी रक्त नाही, कारण यातही रक्तवाहिन्या नाहीत. आजीचे गुडघे झिजले की पुन्हा भरून येत नाहीत यामागं मोठं कारण हेच: दुरुस्तीचं सामान घेऊन यायला रस्ताच नाही. हाडाचं उलटं. हाडात रक्त भरपूर खेळतं, म्हणून प्लास्टर घातलं की हाड काही आठवड्यांत सांधतं.

मानेच्या तुकड्यात नीट शोधलं तर एक पिवळसर, रबरासारखी पट्टी सापडते. मान खाली घालून चरणाऱ्या जनावराला डोकं धरून ठेवायला ती लागते. आपल्या मानेत ती नावापुरती असते. पण तिचा पिवळा लवचीक तंतू आपल्या महाधमनीच्या भिंतीत, फुप्फुसात, कातडीत आहे. ही पट्टी बाजूला ठेवा, तिचं काम कुकरनंतर आहे.

दिल उभं चिरा. आत पडदे दिसतील आणि त्या पडद्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या, छत्रीच्या काड्यांसारख्या. या दोऱ्या संयोजी ऊतीच्या. त्या नसत्या तर दर ठोक्याला झडपा उलट्या झाल्या असत्या. भाचा ते बघून पहिल्यांदा गप्प बसला. त्यानं सुरीच्या टोकानं एक दोरी उचलली, सोडली, पुन्हा उचलली. पाच मिनिटं त्यातच गेली. मी काही बोलले नाही.

वजडीतला टॉवेलसारखा भाग मात्र आपल्यात नाही. तो बकऱ्याच्या पहिल्या मोठ्या कप्प्याचा, त्याला आतून जाड पट्टकी अभिस्तर असतो, कारण तिथं गवत-पाला रगडला जातो. आपल्या जठराला स्तंभीय अभिस्तर आहे, उंच पेशींचा एकेरी थर, श्लेष्म स्रवणारा. आतड्याचा तुकडा मिळाला तर उलटा करून पाण्यात धरा. मखमलीसारखं दिसतं. आपलं लहान आतडं आतून तसंच असतं आणि त्या मखमलीवरचा अभिस्तर तीन ते पाच दिवसांत नवा होतो.

खाटिकाकडं भांड्यात रक्तही असतं, आमच्याकडं त्याची रक्ती करतात. रक्त संयोजी ऊती कसं, हा प्रश्न दरवर्षी येतो. दुसरा प्रश्न लावा: पेशी सुट्या, मधली जागा पाण्यासारख्या द्रवानं भरलेली. निम्म्याहून जास्त, साधारण ५५ टक्के, तो द्रवच. कोंबडीच्या रक्तावरून मात्र शिकू नका. तिच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आपल्यात आणि बकऱ्यात नसतं. केंद्रक नाही म्हणून दुरुस्तीही नाही. आपली तांबडी पेशी साधारण १२० दिवस पळते आणि संपते.

कुकर लावल्यावर

फ्रान्समध्ये झाव्हिए बिशा नावाचा एक डॉक्टर होता. सन १८०० च्या आसपास त्यानं माणसाच्या शरीरात २१ प्रकारच्या ऊती आहेत असं मांडलं. सूक्ष्मदर्शक न वापरता. त्याचा त्या यंत्रावर भरवसाच नव्हता, आणि तेव्हाची भिंगं बघता त्याचं फार चुकतही नव्हतं. मग त्यानं केलं काय? तुकडे उकळले, वाळवले, कुजवले, आम्लात टाकले, आणि कोण कसं वागतं ते लिहून ठेवलं. तिसाव्या वर्षी, १८०२ मध्ये तो गेला. पुढं सूक्ष्मदर्शक सुधारले आणि त्याच्या २१ च्या चार झाल्या, पण अवयव सोडून ऊतीकडं बघायला त्यानं शिकवलं. मी भाच्याला म्हटलं, हा मनुष्य आपल्याच पद्धतीचा. याच्या हातात फक्त कुकर नव्हता.

आम्लाचा प्रयोग घरी जमतो. जेवणानंतर उरलेलं कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, अधूनमधून व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांनी ते वाकायला लागतं. चुना निघून गेला, मागं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे दोरे राहिले. उलट हाड चुलीत जाळलं तर दोरे जळतात, चुना राहतो, आणि ते बोटानं चुरा होतं. सिमेंट आणि सळी, दोन्ही लागतात. लॅबमध्ये आम्हीही हाडाचा तुकडा आधी आम्लात मऊ करतो, नाहीतर पातं बोथट होऊन कापाच्या चिंध्या होतात.

शिट्ट्यांच्या मधल्या वेळात

मोबाईलमध्ये मी शिकवायच्या काचांचे फोटो ठेवलेत, पेशंटचं नाव-नंबर काही नाही. ते दाखवण्याआधी काच होते कशी, ते थोडक्यात. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मग चढत्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, झायलीननं अल्कोहोल काढायचं आणि साठेक अंशाच्या वितळलेल्या मेणात भिजवायचा. ठोकळा थंड झाला की मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर ४ मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) काप. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसतील. ते कोमट पाण्यावर सोडायचे, दुधावरच्या सायीसारखे तरंगतात, आणि काच खालून घालून अलगद उचलायचे. एक शिंक आली की सगळं गेलं.

मग रंग. हिमॅटॉक्सिलिन मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून मिळतं, ते केंद्रकं निळी-जांभळी करतं. इओसिन बाकीचं गुलाबी करतं. आमची काच म्हणजे जांभळ्या बुट्ट्यांचं गुलाबी पातळ. ते वाचायचं असं.

बुट्ट्या दाट, एकमेकींना खेटून, आणि एका बाजूला मोकळी जागा: अभिस्तर. आता आकार बघा. फरशीसारख्या चपट्या पेशींचा एकच थर असेल तर तिथून काहीतरी झिरपायचं आहे. फुप्फुसाच्या वायुकोशात प्राणवायू तसाच जातो. ठोकळ्यासारख्या असतील तर बहुधा मूत्रपिंडाच्या नलिका किंवा ग्रंथी. उंच असतील तर शोषायचं किंवा स्रवायचं काम, आतड्यासारखं. उंच आणि वर लव असेल तर श्वासनलिका. ती लव धूळ आणि कफ वर ढकलत असते. बरीच वर्षं विडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत ही लव जागोजागी नाहीशी होते आणि तिथं चपट्या पेशींचे थर येतात. झाडूवाली कामावरून काढून फरशी घातल्यासारखं. मग कफ वर आणायला खोकल्याशिवाय दुसरा उपाय उरत नाही.

पांढरी रिकामी भोकं, आंबोळीच्या जाळीसारखी: चरबी. आत तेल होतं, ते आमच्या झायलीननं धुऊन नेलं. नवीन मुलं दरवेळी विचारतात, "मॅडम, इथं काप फाटलाय का?" नाही, तिथं चरबी राहत होती.

गुलाबी जास्त आणि बुट्ट्या कमी असल्या की खरी परीक्षा. स्नायुरज्जू, अनैच्छिक स्नायू आणि नस, तिन्ही गुलाबी, तिन्ही पट्ट्यापट्ट्यांच्या. मीसुद्धा पहिली दोन वर्षं यात गंडत होते. केंद्रकाकडं बघायचं. स्नायुरज्जूत केंद्रकं बारीक, काळपट, जाड गुलाबी दोऱ्यांच्या मधल्या फटीत ओळीनं दाबून बसलेली. अनैच्छिक स्नायूत ती लांबट, दोन्ही टोकांना बोथट, विडीसारखी, आणि गुलाबी पेशीच्या मधोमध. नसेत केंद्रकं नागमोडी आणि सगळी नसच लाटेसारखी वळणं घेत जाणारी. ऐच्छिक स्नायू सोपा: जाड तंतू, आडवे पट्टे, एका तंतूत कितीतरी केंद्रकं आणि तीही कडेला. हृदयाच्या स्नायूला पट्टे आहेत पण केंद्रक मध्ये, आणि तंतू फांद्या फुटून एकमेकांना जोडलेले. म्हणून तर सगळं हृदय एका दमात आकसतं.

मेंदूबद्दल थोडंच सांगते, कारण भेजा कच्चा हातात घेऊन काही कळत नाही, तो लोण्यासारखा पसरतो. दोरे नाहीत, म्हणून. माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी, आणि त्यांना सांभाळणाऱ्या दुसऱ्या पेशी आहेत त्या वेगळ्याच. कण्यातून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एकेक चेतातंतू मीटरभर लांब असतो. पेशी एक, शेपटी मीटरभर. बाहेरची नस तुटली तर दिवसाला साधारण १ मिलिमीटरनं वाढत जाते, तेही नशीब चांगलं असेल तर. हृदयाच्या स्नायूचं तेवढंही होत नाही; अटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या जागी संयोजी ऊतीचा व्रण भरतो. तो धरून ठेवतो, आकसत नाही. डॉक्टर 'पंपिंग कमी झालं' म्हणतात त्याचा अर्थ बऱ्याचदा हा.

एक माझी चूक सांगते. नवीन असताना मी कातडीचा तुकडा मेणात आडवा झोपवला. तो कडेवर उभा करायचा असतो, म्हणजे कापात वरून खालपर्यंत सगळे थर येतात. माझ्या कापात नुसता केराटिन. काच बघून डॉक्टर म्हणाले, "ही कातडी आहे की कांद्याचं साल?" तुकडा शिल्लक होता म्हणून मेण वितळवून पुन्हा बसवता आला.

ते तरी सुधारलं. एकदा बाहेरगावाहून गालाच्या आतला तुकडा सलाइनच्या छोट्या बाटलीत साध्या पाण्यात आला, दोन दिवस एसटीतून फिरून. पेशी विरघळून गेल्या होत्या. त्या माणसाला पुन्हा बोलवून पुन्हा तुकडा काढावा लागला. तुमच्या घरात कुणाची बायप्सी होणार असेल आणि बरणी तुमच्याच हातात दिली, तर एवढं विचारा: यात फॉर्मॅलिनच आहे ना, आणि तुकड्याच्या दसपट तरी आहे ना?

गालाचा विषय निघालाच आहे तर. शाळेत गालाची काच करायला लावतात: दातकोरणीच्या बोथट टोकानं गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, काचेवरच्या थेंबात पसरायचं, मिथिलीन ब्लूचा एक थेंब, वर झाकणकाच तिरकी टेकवून सोडायची म्हणजे बुडबुडे येत नाहीत. चपट्या, कोपरे दुमडलेल्या, मध्ये निळा ठिपका असलेल्या पेशी दिसतात. हाच अभिस्तर मी लॅबमध्ये गुटखा आणि मावा खाणाऱ्यांच्या तुकड्यांत बघते. सुपारीनं आधी खालची संयोजी ऊती बिघडते. विरळ जाळीच्या जागी कोलॅजेनचे जाड, घट्ट पट्टे भरतात, रक्तवाहिन्या कमी होतात आणि तोंड उघडायचं बंद व्हायला लागतं. तोंडात उभी तीन बोटं जात नसतील तर डॉक्टरकडं जायची वेळ झालेली आहे. त्यावरचा अभिस्तर पातळ पडतो, आणि पुढं काहींच्यात त्याच्या पेशी ओळ सोडून खाली उतरायला लागतात. अभिस्तरातून निघालेल्या कॅन्सरला रिपोर्टमध्ये 'कार्सिनोमा' लिहितात, हाड-स्नायू-चरबी असल्या ऊतींतून निघालेल्याला 'सार्कोमा'. औषधोपचार बदलतात, म्हणून डॉक्टर आधी ऊती कुठली ते ठरवतात. भाच्याच्या वर्गातली दोन पोरं मावा खातात म्हणे. मी त्याला फोटो दोनदा दाखवला.

कुकर उघडल्यावर

आता बिशासारखं बघायचं. वर तेलाचा तवंग आला, ती चरबी. लाल तुकडे करडे झाले आणि बोटानं दोरे सुटायला लागले. तंतू तेच, पण त्यांना बांधणारा पापुद्रा विरघळला. कोलॅजेन पाण्यात बराच वेळ गरम राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. वाटीभर अळणी, म्हणजे मटणाचं बिनतिखटाचं पाणी, बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी ती खरवसासारखी थरथरते. जून बकऱ्याला शिट्ट्या जास्त का लागतात? वय वाढतं तशा कोलॅजेनच्या दोऱ्यांमध्ये आडव्या गाठी वाढतात, त्या सुटायला वेळ लागतो. आपल्यातही वाढतात. आणि हे कोलॅजेन शरीराला बनवताना क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं १७४७ मध्ये आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन बघितली ती याच रोगावर, स्कर्व्हीवर. आमच्याकडं मटणावर लिंबू पिळतात ते चवीला, पण पिळा.

नळीच्या टोकाची कास्थी अजून कुरकुरीत होती. आणि मानेतली ती पिवळी पट्टी मी भाच्याच्या हातात दिली. ओढ म्हटलं. त्यानं ओढली, सोडली, ती परत आखडली. आठ शिट्ट्यांनंतरही ढिम्म. लवचीक तंतू उकळून विरघळत नाही. "म्हणून ही दातात अडकते होय," आमची आई ओट्याजवळून म्हणाली. तिनं साठ वर्षं मटण शिजवलंय, तिला हे सगळं माहीत होतं, फक्त नावं नव्हती.

ताटं मांडली. भाच्याला नळी दिली. त्यानं ती ताटावर आपटली, आतला पिवळा गोळा अर्धा बाहेर आला, आणि थांबला.

"आत्ती, रक्त इथंच तयार होतं ना?"

"या पिवळ्यात नाही. लहान बाळाच्या सगळ्या हाडांत लाल मज्जा असते. मोठं झाल्यावर लांब हाडांच्या मधल्या पोकळीत चरबीच भरते, ती ही. रक्त तयार होतं ते छातीचं हाड, बरगड्या, मणके, कंबरेचं हाड इथं. म्हणून मज्जा तपासायची असली की सुई कंबरेच्या हाडात घालतात."

त्यानं नळी उचलून माझ्या ताटात ठेवली आणि पातेल्यात पळी घालून बरगडीचा तुकडा शोधायला लागला. नळी मला चालते.